मिरुग (मृग नक्षत्र) खरंच कोरडा जातो का? आपल्या गावच्या पावसाचे आकडे आपणच काढायची रीत

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे अर्ज, दिवसभर हेच काम. २०२३ च्या ऑगस्टमध्ये माझ्यासमोर रोज दहा-बारा जण एकच प्रश्न घेऊन बसायचे. "वैनी, एकवीस दिवस भरले का?" पावसाचा सलग २१ दिवसांचा खंड पडला तर विम्याची आगाऊ रक्कम मिळू शकते, असा त्या वर्षी निकष होता. आमच्या शिवारात तेवीस दिवस पाऊस नव्हता. पऱ्हाटीची (कपाशीची) पानं दुपारी अकरालाच मान टाकायची. पण मोजमाप धरलं जात होतं महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाच्या, पर्जन्यमापक केंद्रावरचं, गावापासून अकरा किलोमीटर दूर. तिथे मध्येच एका संध्याकाळी सर येऊन गेली आणि कागदावरचा खंड मोडला. आम्ही तोंडी सांगत राहिलो, समोरच्याकडे छापील आकडा होता.

पुढे हवामान खात्याने सांगितलं की तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. म्हणजे आम्ही खोटं बोलत नव्हतो. पण आमच्या गावाचा आकडा आमच्याकडे नव्हता, हेही तितकंच खरं होतं. तेव्हापासून हे काम मी मनावर घेतलं. जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते आहे, म्हणजे दुसऱ्या गावातल्या कोणाला पहिल्यापासून चाचपडत बसावं लागणार नाही. मोबाईल किंवा जुना लॅपटॉप आणि थोडंफार एक्सेल येत असेल तर एवढं भांडवल पुरतं.

आधी डबा, मग इंटरनेट

सुरुवात उपग्रहापासून करू नका, अंगणापासून करा. तळापासून तोंडापर्यंत एकाच रुंदीचा, सरळ उभ्या भिंतींचा डबा घ्या. निमुळता किंवा फुगीर चालणार नाही. तो उघड्यावर ठेवा, आणि जवळचं झाड किंवा भिंत जेवढी उंच आहे त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. तोंड जमिनीपासून फूटभर वर असू द्या, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत उडणार नाहीत. अशा डब्यात पट्टी उभी करून जितके मिलिमीटर पाणी दिसेल तितके मिलिमीटर पाऊस. डब्याची रुंदी कितीही असो, हिशोब तोच राहतो.

पाऊस थोडा असला की पट्टीवर नीट वाचता येत नाही. त्यासाठी आम्ही दुसरी युक्ती करतो. आमच्या डब्याचा व्यास २० सेंटिमीटर आहे. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ होतं ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणून १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी. मेडिकलमधून आणलेल्या दहा मिलिलिटरच्या सिरिंजने पाणी मोजायचं आणि ३१.४ ने भागायचं. फवारणीच्या औषधाचं टोपण यासाठी वापरू नका, ते पोरांच्या हाताला लागतं.

वेळ मात्र पक्की ठेवा, सकाळी साडेआठ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा असतो आणि नोंद मोजलेल्या दिवसाच्या तारखेवर पडते. १४ जुलैच्या रात्री झोडपलं तर तो पाऊस १५ जुलैच्या खात्यात जातो. हे माहीत नसल्यामुळे पहिल्या वर्षी आमची वही आणि सरकारी आकडा सारखा एका दिवसाने मागेपुढे दिसायचा, आणि मी उगाच सरकारी आकड्यावर संशय घेत बसले होते.

वही माझे सासरे, मामाजी, लिहितात. तारीख, मिलिमीटर आणि शेवटी एक शब्द: झड, सर, वादळी, गार. तो शेवटचा शब्द कुठल्याच यंत्रात मिळत नाही.

एक हिशोब पाठ करून ठेवा. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका एकरावर तेवढाच पाऊस म्हणजे चार हजार लिटरहून थोडं जास्त. हा हिशोब कळला की वहीतला आकडा वावरातलं पाणी वाटायला लागतो.

मंडळाचा आकडा कुठे पाहायचा

कृषी विभागाची 'महारेन' नावाची साइट आहे. त्यावर जिल्हा, तालुका आणि महसूल मंडळ निवडून रोजचा पाऊस पाहता येतो. राज्यात महावेध प्रकल्पाखाली मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत, त्यांची संख्या दोन हजारांच्या वर आहे. आपलं गाव कोणत्या मंडळात येतं हे आधी तलाठ्याला विचारून पक्कं करा. मंडळाचं नाव आणि जवळच्या मोठ्या गावाचं नाव एकच असेल असं नाही.

दर सोमवारी मागच्या सात दिवसांचे मंडळाचे आकडे आमच्या वहीत मामाजींच्या आकड्यांशेजारी लाल पेनाने उतरवा, असं मी दहावीतल्या मुलीला सांगून ठेवलं आहे. लक्ष ठेवायच्या दोन रेषा आहेत. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर हवामान खातं तो पावसाचा दिवस धरतं. आणि चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर आपल्याकडे अतिवृष्टी म्हणतात आणि पंचनाम्याची गोष्ट तिथून सुरू होते. मागच्या एका जुलैत आमच्या डब्यात ७१ आले आणि मंडळात ३८. तो फरक भांडायला नव्हे, अर्जाला जोडायला उपयोगी पडतो. तारीख-वेळ दिसेल असा डब्याचा फोटो त्याच सकाळी काढून ठेवा.

मागची चाळीस वर्षं

आता मोठा प्रश्न. मामाजी म्हणतात, "पयले मिरगात तिफन चाले. आता मिरुग कोरडाच जाते." म्हणजे पूर्वी मृग नक्षत्रात पेरणी व्हायची, आता तो कोरडाच जातो. गावातला प्रत्येक म्हातारा हेच म्हणतो. हे खरं आहे का, हे आपल्यालाच तपासता येतं.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे नासाची 'पॉवर' ही साइट. पैसे लागत नाहीत. नकाशावर आपल्या गावावर टिचकी मारायची, रोजची आकडेवारी निवडायची, १ जानेवारी १९८१ पासून आजपर्यंतच्या तारखा द्यायच्या, पाऊस आणि कमाल-किमान तापमान यांवर खूण करायची आणि सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारी) उतरवून घ्यायची. पाच मिनिटांचं काम आहे.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. आमच्याकडे अक्षांश वीसच्या आसपास आणि रेखांश अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. उलटे टाकले तर साइट तक्रार करत नाही, थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांचं हवामान देते. जानेवारीचं तापमान शून्याखाली दिसलं की समजा. दुसरं, फाइलच्या वरच्या काही ओळी माहितीच्या असतात, त्या काढल्याशिवाय एक्सेलचा हिशोब नीट बसत नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. जिथे आकडा उपलब्ध नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं. ते तसंच ठेवून बेरीज केली तर पाऊस उणे येतो किंवा गुपचूप कमी होतो. फाइल उघडली की पहिल्यांदा उणे ९९९ शोधा आणि ते खण रिकामे करा. शेवटच्या काही दिवसांच्या ओळींत ते बहुतेक सापडतंच.

आता नक्षत्रांची गोष्ट. इंग्रजी महिन्यांनी बेरीज केली तर गावात कोणालाच ती कळत नाही. जूनचा पाऊस किती, हे मामाजींना सांगून काय उपयोग? त्यांची आठवण मृग, आर्द्रा, मघा अशी चालते. म्हणून मी आकडेच नक्षत्रांत ओतले. सूर्यनक्षत्रांच्या तारखा दरवर्षी जवळजवळ त्याच असतात, फार तर एका दिवसाचा फरक. मृग ८ जून, आर्द्रा २२ जून, पुनर्वसू ६ जुलै, पुष्य २० जुलै, आश्लेषा ३ ऑगस्ट, मघा १७ ऑगस्ट, पूर्वा ३१ ऑगस्ट, उत्तरा १३ सप्टेंबर, हस्त २७ सप्टेंबर, चित्रा ११ ऑक्टोबर, स्वाती २४ ऑक्टोबर.

एक्सेलमध्ये असं करा. प्रत्येक तारखेसाठी महिन्याला १०० ने गुणा आणि दिवस मिळवा. ८ जून झाला ६०८, २२ जून ६२२, ३ ऑगस्ट ८०३. दुसऱ्या पानावर दोन रकान्यांची यादी करा, डावीकडे ६०८, ६२२, ७०६ असे चढत्या क्रमाने आकडे आणि उजवीकडे नक्षत्राचं नाव. मग व्हीलुकअप हे सूत्र लावा आणि शेवटी 'ट्रू' लिहा, म्हणजे ते जवळचा खालचा आकडा पकडतं. ६१५ दिलं की मृग मिळतं. पहिल्या ओळीत १ आणि समोर 'पावसाळ्याआधी' लिहायला विसरू नका, नाहीतर जानेवारी ते मेच्या ओळी चुका दाखवतात. आणि शेवटी ११०६ समोर 'पावसाळ्यानंतर' लिहा, नाहीतर डिसेंबरही स्वातीत जातो. त्यावर पिव्हट टेबल केलं की आडवी नक्षत्रं, उभी वर्षं आणि मध्ये मिलिमीटर. हा कागद मी छापून केंद्राच्या भिंतीवर लावला, आणि ज्यांना संगणकात काही रस नाही अशी माणसंही अर्धा-अर्धा तास त्यापुढे उभी राहायला लागली. आपल्या लग्नाचं साल, विहीर खोदली ते साल, बैल गेला ते साल शोधत होती.

जुन्या म्हणीही यावर घासून पाहता येतात. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण रब्बीच्या पिकांना धरून होती. आता हस्त-चित्रात सोयाबीन कापणीला आलेलं असतं आणि स्वातीपर्यंत कापूस फुटलेला. आता तो पाऊस मोती पिकवत नाही, गंजीला कोंब आणतो. म्हणजे पाऊस बदलला का, या प्रश्नाबरोबर पीक बदललं का, हाही प्रश्न त्या कागदावर उभा राहतो. पोळ्याच्या सणाला धरून असलेल्या म्हणी मात्र या तक्त्यात बसत नाहीत, कारण पोळा अमावास्येवर चालतो आणि दरवर्षी सरकतो. त्यासाठी जुन्या कॅलेंडरांतून पोळ्याच्या तारखा वेगळ्या काढाव्या लागतात.

१९०१ पर्यंत मागे कसं जायचं

पॉवरची एक मर्यादा लवकरच लक्षात येते. ते आकडे मुख्यतः संगणकीय मॉडेलमधून आलेले असतात आणि ज्या चौकोनासाठी एकच आकडा मिळतो ती चौकट पन्नास किलोमीटरच्या वर असते. अशा आकड्यांत रिमझिम पावसाचे दिवस खऱ्यापेक्षा जास्त दिसतात आणि जोराचा पाऊस बोथट होतो. तापमानाला आणि ढोबळ बेरजेला ते ठीक आहेत, झड आणि खंड मोजायला नाहीत. शिवाय मामाजींची तरुणपणाची आठवण १९८१ च्या आधीची आहे.

त्यासाठी हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाची आकडेवारी घ्यावी. १९०१ पासून रोजचा पाऊस, पाव अंशाच्या चौकटीत, म्हणजे साधारण २५ ते २८ किलोमीटरच्या चौकोनात. हे आकडे पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून काढलेले आहेत आणि फुकट आहेत. तापमान १९५१ पासून आहे, पण एक अंशाच्या मोठ्या चौकटीत. फाइल मात्र सरळ एक्सेलमध्ये उघडत नाही. त्यासाठी पायथन या संगणकाच्या भाषेतलं 'आयएमडीलिब' नावाचं तयार साधन आहे. यवतमाळला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ते गुगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरच, चालवून दाखवलं, लॅपटॉपवर काहीही बसवावं लागलं नाही. पाऊस हवा, अमुक ते अमुक वर्षं हवीत असं सांगून फाइली उतरवायच्या, मग आपले अक्षांश-रेखांश देऊन सीएसव्ही काढायची. चार-पाच ओळींचं काम आहे. गावात कोणी ना कोणी इंजिनिअरिंगचं पोरगं असतंच, त्याला एक रविवार मागा. इथेही पावसात उणे ९९९ असतं आणि तापमानात ९९.९, तेही आधी काढा.

मग झड मोजा. नव्या रकान्यात सूत्र लिहा: आजचा पाऊस २.५ किंवा जास्त असेल तर वरच्या खणात एक मिळव, नाहीतर शून्य. सलग पावसाचे दिवस आपोआप चढत जातात. शेजारच्या रकान्यात उलटं करा, २.५ पेक्षा कमी असेल तर एक मिळव. तो खंड. जून ते सप्टेंबरमधला प्रत्येक वर्षाचा सगळ्यात मोठा आकडा काढला की त्या वर्षाची सगळ्यात लांब झड आणि सगळ्यात लांब खंड हातात येतो. १९५१ ते १९८० ही तीस वर्षं आणि १९९१ ते २०२० ही तीस वर्षं शेजारी ठेवून पाहा. दोन-चार वर्षांवरून काही बोलू नका.

आमच्या चौकटीत मृगाने सरळ उत्तर दिलं नाही. मृगाची बेरीज दरवर्षी इतकी वरखाली जाते की मामाजींच्या तरुणपणातही कोरडे मृग निघाले. मी ते त्यांना दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हव, त्या साली दुबार पेरलं होतं खरं." ज्यात पेरणी साधली ते मृग लक्षात राहिले होते, बाकीचे निसटले होते. मला हे फार मोलाचं वाटलं. आठवण खोटी नव्हती, अपुरी होती, आणि आकड्याने तीच पुरी केली.

एकाच चौकटीवरून मोठा निष्कर्ष काढायचा मोह होतो, तो आवरा. त्या आकडेवारीत देशभरातले जवळपास सात हजार पर्जन्यमापक आहेत, पण प्रत्येक वर्षी सगळे चालू नव्हते. आपल्या भोवतालच्या आठही चौकटी काढून पाहा. सगळीकडे एकच कल दिसला तर बोला. आणि मग अभ्यासकांचं काम वाचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच पट्ट्यात मोसमी पावसाचा एकूण जोर मात्र वाढलेला नाही. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लाटा हे त्यांनी सांगितलेलं कारण. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते की वर्षाची बेरीज पाहून थांबू नका. झड दोन दिवसांत ओतून गेली आणि पुढचे वीस दिवस कोरडे गेले, तरी बेरीज सरासरीच येते, आणि कागदावर वर्ष चांगलं दिसतं.

वरून पाहणं आणि खाली उतरून मोजणं

युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं 'कोपर्निकस ब्राउझर'वर पाहता येतात. दर पाच दिवसांच्या आसपास एक चित्र, आणि एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा. एका एकरात असे चाळीस ठिपके बसतात. त्यामुळे पाझर तलाव दिसतो, वावर दिसतं, विहीर दिसत नाही. आमच्या तलावाची मी प्रत्येक वर्षाची ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलची चित्रं काढून ठेवली आहेत. कोणत्या वर्षी पाणी होळीपर्यंत टिकलं आणि कोणत्या वर्षी संक्रांतीलाच तळ दिसला, हे त्यात तारखेसह दिसतं. ग्रामसभेत गाळ काढायचा ठराव मांडताना आम्ही तीच चित्रं दाखवली. त्याहून मागे जायचं असेल तर अमेरिकेचा लँडसॅट आहे. त्याचा पहिला उपग्रह १९७२ चा, आणि १९८० च्या दशकापासूनच्या चित्रांत ठिपका ३० मीटरचा मिळतो.

पिकाची हिरवाई मोजायला एनडीव्हीआय नावाचा थर निवडा. पण गवत आणि तणही हिरवंच असतं. डवरणी (कोळपणी) न झालेलं वावर वरून सगळ्यात जोमदार दिसतं. म्हणून त्या दिवशी धुऱ्यावर (बांधावर) जाऊन पाहिल्याशिवाय त्या रंगावर विश्वास ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे बहुतेक चित्रं पांढरीच येतात. पूर आला असेल तर सेंटिनेल-१ घ्या, त्याचं रडार ढगांतून पाहतं आणि साचलेलं पाणी काळं दाखवतं.

भूजलासाठी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी मोजते, आणि 'इंडिया-डब्ल्यूआरआयएस' या साइटवर भूजल पातळी, धरणसाठा, नद्या असं पुष्कळ एका जागी पाहता येतं. मात्र आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. पाणी भेगांतून चालतं, आणि दोन धुऱ्यांपलीकडची विहीरही वेगळं वागते. तेव्हा आपली विहीर आपणच मोजा. दोरीला दगड बांधा, हातभर अंतरावर गाठी मारा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजा. मोटर चालू केल्यावर नाही, सकाळी मोटर सुरू व्हायच्या आधी. आणि कठड्याची उंची वजा करायला विसरू नका, कारण सरकारी खोली जमिनीपासून धरतात.

जंगलाकाठच्या गावांनी नासाची 'फर्म्स' साइट पाहावी, मोह-तेंदूच्या दिवसांत लागलेल्या आगी तिथे काही तासांत ठिपक्यांनी दिसतात. आणि शाळेच्या मुलांना 'सीझनवॉच' या झाडांच्या नोंदींच्या उपक्रमात घाला. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला पानं, फुलं, फळं यांची नोंद करायची. आमच्या शाळेने मोह आणि बहावा घेतला आहे.

शेवटची एक सूचना, फाइलींची. उतरवलेली मूळ फाइल कधीही बदलू नका. तिची नक्कल काढा आणि त्यावर काम करा. नावात चार गोष्टी असू द्या: गाव, काय मोजलं, कुठून घेतलं, कोणत्या तारखेला घेतलं. एक प्रत ईमेलवर ठेवा, एक पेन ड्राइव्हवर. आणि डब्याची वही दर रविवारी मोबाईलने पानापानाचा फोटो काढून जपा. मागच्या पावसाळ्यात आमचं छप्पर गळलं आणि वहीची ११ पानं भिजली. शाई पसरली होती, पण फोटोंवरून मामाजींनी सगळे आकडे नव्या वहीत उतरवले, झड आणि सर या शब्दांसकट.